फाईल लहान, शीट मोठी

‘फाईल तर जेमतेम २० एमबीची आहे. याच्या दसपट मोठा व्हिडिओ मोबाइलवर बोट लावताच सुरू होतो. मग ही शीट ब्राउझरमध्ये नुसती गोल गोल का फिरत बसते?’

सोसायटीच्या खजिनदारापासून कॉलेजच्या परीक्षा विभागापर्यंत, ज्याच्याकडे वर्षानुवर्षं वाढत गेलेली एक्सेलची फाईल आहे त्याने हा प्रश्न कधी ना कधी विचारलेला असतो. त्यावरचं घरगुती उत्तरही ठरलेलं असतं : नेट स्लो आहे. मग राउटर बंद-चालू होतो, दुसरं सिम लावून बघितलं जातं, शेजारच्या कम्प्युटरवर प्रयत्न होतो, आणि फाईल जिथल्या तिथे. कारण दोष बहुतेक वेळा वाटेत नसतो, फाईलच्या पोटात असतो. ते पोट कसं तपासायचं आणि त्यातलं काय काढायचं, हे या प्रकरणात पाहू.

१. व्हिडिओ चालतो, शीट का अडते?

व्हिडिओ तुकड्यातुकड्याने येतो. पहिली काही सेकंदं पोहोचली की तो सुरू होतो, पुढचा भाग मागून येत राहतो आणि बघून झालेला भाग विसरला तरी चालतो. तिसऱ्या मिनिटाचं दृश्य दाखवण्यासाठी चाळिसाव्या मिनिटात काय आहे हे मोबाइलला माहीत असावं लागत नाही.

शीटचं तसं नाही. पहिल्या पानावर ‘एकूण येणे’ म्हणून जो आकडा दिसतो, तो बाराव्या शीटच्या चाळीस हजाराव्या ओळीवर अवलंबून असू शकतो. ती ओळ वाचल्याशिवाय वरचा आकडा बरोबर आहे की नाही, हे सांगता येत नाही. पडद्यावर एका वेळी चाळीस-पन्नास ओळीच दिसतात हे खरं, पण त्या दाखवण्याआधी फाईल उघडणाऱ्या यंत्रणेला जवळपास सगळी फाईल वाचून, तिच्यातले परस्परसंबंध जुळवून घ्यावे लागतात.

इथे आणखी एक फरक लक्षात ठेवायला हवा. फाईल ऑनलाइन ‘ठेवणं’ आणि ऑनलाइन ‘उघडणं’ ही दोन वेगळी कामं आहेत. गूगल ड्राइव्हवर ५ टीबीपर्यंतची एकच फाईल ठेवता येते. पण तीच गूगल शीट्समध्ये उघडायची म्हटली, की एकदम वेगळे आणि फार कडक नियम लागू होतात. त्यामुळे ‘अपलोड तर झाली, मग उघडत का नाही?’ या तक्रारीत विसंगती काहीच नाही.

२. एमबीचा आकडा फसवा का असतो?

२००७ च्या एक्सेलपासून आपण जी एक्सएलएसएक्स फाईल वापरतो, ती खरं तर एक झिप फाईल असते. म्हणजे दाबून बांधलेलं गाठोडं. फाईलची एक प्रत काढा, तिच्या नावामागचं ‘एक्सएलएसएक्स’ पुसून तिथे ‘झिप’ लिहा आणि उघडा. आत चक्क फोल्डर दिसतील. त्यातल्या ‘एक्सएल’ नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक शीटची वेगळी फाईल असते, रंग-किनारींची एक असते, शब्दांची एक असते, आणि चित्रं असतील तर ती ‘मीडिया’ नावाच्या कप्प्यात असतात.

आता एका सेलकडे जवळून पाहू. ‘बी’ रकान्याच्या सातव्या ओळीत तुम्ही ५०० लिहिलेत. आतल्या फाईलमध्ये त्याची नोंद होते ती साधारण अशी : बी ७ हा सेल, ४ क्रमांकाची सजावट, त्यातली किंमत ५००, सेल समाप्त. तीन अंकांसाठी तीसेक अक्षरं खर्ची पडली. अशा लाखो नोंदी एकाच साच्यातल्या असतात, आणि एकसारखा मजकूर झिपमध्ये फार छान दबतो. म्हणून फाईल डिस्कवर लहान दिसते.

घर बदलताना सगळा संसार एका टेम्पोत मावतो. रजया दाबलेल्या, भांड्यात भांडी, कपाटात पुस्तकं. नव्या घरी खोकी सुटली की तेच सामान तीन खोल्यांना पुरून उरतं. २० एमबी हा टेम्पोचा आकार आहे. उघडल्यावर तेच सामान दहापट झालं, तरी त्यात नवल नाही. आणि ते तेवढ्यावर थांबत नाही, कारण मेमरीत प्रत्येक सेलची किंमत, तिचा प्रकार, फॉर्म्युला, सजावट आणि इतर सेलशी असलेलं नातं अशी सगळी माहिती मोकळी करून मांडावी लागते.

म्हणून ‘फाईल किती एमबीची?’ या प्रश्नाने फारसं हाती लागत नाही. ‘फाईलमध्ये सेल किती, आणि प्रत्येक सेलला काम किती?’ हे विचारलं की उत्तर मिळू लागतं.

३. चार टप्पे, चार लक्षणं

शीट ऑनलाइन उघडते तेव्हा चार गोष्टी ओळीने घडतात. कुठली गोष्ट अडली, हे लक्षणांवरून बऱ्यापैकी ओळखता येतं.

पोहोचणं. फाईल तुमच्या कम्प्युटरवरून सर्व्हरवर पूर्ण गेली पाहिजे. मध्येच नेट तुटलं तर अर्धवट फाईल राहते. लक्षण : फाईल खराब आहे असा संदेश लगेच येतो. तपासणी सोपी आहे. कम्प्युटरवरची आणि ऑनलाइनची फाईल, दोन्हींचे आकार बाइटपर्यंत ताडून बघा. एका बाइटचाही फरक असेल तर फाईल पुन्हा चढवा.

उलगडणं. सर्व्हर गाठोडं सोडतो, आतला मजकूर वाचतो आणि गरज असेल तर आपल्या स्वरूपात बदलतो. लक्षण : थोडा वेळ थांबून ‘फाईल फार मोठी आहे’ किंवा ‘रूपांतर होऊ शकत नाही’ असा स्पष्ट नकार.

हिशोब. फॉर्म्युले चालवले जातात. लक्षण : शीट दिसते, पण सेलमध्ये आकड्यांऐवजी ‘लोडिंग’ दिसत राहतं, वरची प्रगतीची पट्टी सरकत नाही, एक सेल बदलला की सगळं थिजतं.

दाखवणं. शेवटचं काम तुमच्या ब्राउझरचं. लक्षण : कम्प्युटरचा पंखा गरगरायला लागतो, ‘हे पान प्रतिसाद देत नाही’ असा संदेश येतो किंवा टॅबच बंद पडतो. तीच फाईल जास्त रॅमच्या कम्प्युटरवर उघडत असेल, तर अडचण या टप्प्यात आहे असं समजा.

नेट हळू असल्याचा संबंध मुख्यतः पहिल्या टप्प्याशी, थोडाफार चौथ्याशी. दुसरा आणि तिसरा टप्पा राउटर बदलून सुटत नाही.

४. मर्यादा कुणाची किती?

१९७९ मध्ये ॲपल टू कम्प्युटरवर व्हिजिकॅल्क आलं. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या या स्प्रेडशीट प्रोग्राममध्ये २५४ ओळी आणि ६३ रकाने होते, म्हणजे १६,००२ सेल. तेवढ्यावर त्या काळी कंपन्यांची अंदाजपत्रकं बसत होती. एक्सेल ९७ मध्ये ओळी झाल्या ६५,५३६ आणि रकाने २५६. २००७ पासून एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने मिळतात. गुणाकार केला तर एका शीटमध्ये १,७१७ कोटींहून जास्त सेल होतात. एवढे सेल खरोखर भरले, तर साध्या कम्प्युटरला ती फाईल उघडणं शक्यच नाही. पाटी मोठी दिली, याचा अर्थ ती पूर्ण भरून चालेल असा होत नाही.

गूगल शीट्सची मोजणी वेगळी आहे. तिथे एका फाईलला, म्हणजे तिच्यातल्या सगळ्या शीट मिळून, १ कोटी सेलची मर्यादा आहे. २०२२ पूर्वी ती ५० लाख होती. रकाने जास्तीत जास्त १८,२७८. शिवाय बाहेरून आणलेल्या एखाद्या सेलमध्ये ५०,००० पेक्षा जास्त अक्षरं असली, तर तो सेल घेतला जात नाही. मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन एक्सेलमध्ये मर्यादा फाईलच्या एमबीवर आहे, आणि फाईल कुठे ठेवली आहे व खातं कोणत्या प्रकारचं आहे, त्याप्रमाणे ती बदलते.

मर्यादा कळली नाही तर काय होतं, याचं एक जगजाहीर उदाहरण इंग्लंडमधलं आहे. कोविडच्या साथीत, २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातले १५,८४१ बाधित रुग्ण तिथल्या सरकारी दैनंदिन आकड्यांत आलेच नाहीत. प्रयोगशाळांकडून येणारी माहिती ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ ही संस्था एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस स्वरूपात भरत होती. एका चाचणीच्या अनेक ओळी होत, त्यामुळे ६५,५३६ ओळींच्या फाईलमध्ये साधारण १,४०० रुग्णच मावत. त्यापुढची नावं गळून गेली. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्या माणसांना शोधायलाही त्यामुळे उशीर झाला. या गोष्टीतून घेण्यासारखं एवढंच : जी फाईल उघडायला नकार देते, ती निदान ओरडून सांगते. जी गुपचूप उघडते आणि शेवटच्या ओळी गाळते, ती जास्त धोक्याची. उघडल्यावर ओळींची संख्या मूळ फाईलशी ताडून पाहायची सवय त्यासाठीच हवी.

५. रिकामी दिसणारी, पण भरलेली शीट

आता दोन छोटी गणितं करू.

पहिलं गणित. समजा, पतसंस्थेच्या फाईलमध्ये ४० शीट आहेत, दर शाखेला एक. प्रत्येकीत ‘पुढे लागतील’ म्हणून १०,००० ओळी करून ठेवल्या आहेत आणि रकाने नेहमीचे २६.

४० × १०,००० × २६ = १,०४,००,०००

म्हणजे एक कोटी चार लाख सेल. प्रत्यक्ष नोंदी दर शाखेच्या तीनशेच असतील, तरीही गूगल शीट्सची मर्यादा ओलांडली गेली, कारण तिथे रिकामे सेलही मोजले जातात. ओळी १,००० वर आणल्या की तोच आकडा १०,४०,००० होतो. एकही नोंद न पुसता फाईल मर्यादेच्या आत येते.

दुसरं गणित एक्सेलचं. कुणीतरी शीर्षकाची ओळ सोडली, दुसऱ्या ओळीपासून दहा रकाने निवडले, कंट्रोल आणि शिफ्ट दाबून खालचा बाण मारला आणि सगळ्याला किनारी दिल्या. निवड थेट तळाला गेली.

१०,४८,५७५ × १० = १,०४,८५,७५०

एक कोटीवर सेलना आता सजावट आहे. मजकूर नाही, पण प्रत्येक सेलची ‘मी आहे, माझी किनार अशी’ ही नोंद फाईलमध्ये गेली. झिपमध्ये या नोंदी मस्त दबतात, त्यामुळे फाईलचा आकार पाहून कुणाला शंका येत नाही. गाठोडं सोडताना मात्र सर्व्हरची दमछाक होते.

हा दोष शोधायला कंट्रोल आणि एंड या दोन कळा पुरतात. कर्सर वापरात असलेल्या शेवटच्या सेलवर जातो. माहिती ३,००० ओळींची आणि कर्सर उतरला दहा लाखाच्या पुढे, तर चोर सापडला.

उपाय : शेवटच्या खऱ्या नोंदीखालची ओळ निवडा, कंट्रोल-शिफ्ट-एंड दाबा, उजव्या क्लिकने ‘डिलीट’ मधून पूर्ण ओळी काढा, फाईल सेव्ह करून बंद करा आणि पुन्हा उघडून तपासा. कीबोर्डवरची नुसती डिलीट कळ दाबू नका. तिने मजकूर जातो, सजावट तशीच राहते.

६. आणखी कुठे कुठे वजन लपतं?

फॉर्म्युले. रोजकीर्दीत शिल्लक काढायची आहे आणि २०,००० नोंदी आहेत. एक पद्धत अशी : प्रत्येक ओळीत पहिल्या नोंदीपासून त्या ओळीपर्यंतच्या सगळ्या रकमांची बेरीज. पहिल्या ओळीत एक रक्कम, दुसऱ्यात दोन, शेवटच्यात वीस हजार. एकूण काम २०,००० × २०,००१ ÷ २, म्हणजे वीस कोटींहून जास्त रकमा वाचायच्या. दुसरी पद्धत कुठल्याही मुनीमजींना माहीत असलेली : कालची शिल्लक, अधिक आजची जमा, वजा आजचे नावे. काम फक्त वीस हजार वेळा. उत्तर दोन्हीकडे तेच, कष्टात दहा हजारपट फरक.

त्यात ‘टुडे’, ‘नाऊ’, ‘रँड’, ‘ऑफसेट’, ‘इन्डिरेक्ट’ ही काही चंचल फंक्शनं असतात. फाईलमध्ये कुठेही काहीही बदललं, की ती आणि त्यांच्यावर विसंबलेले सगळे सेल नव्याने मोजले जातात. आजची तारीख हजार सेलमध्ये ‘टुडे’ने काढण्याऐवजी एकाच सेलमध्ये काढा आणि बाकीच्यांनी ती तिथून घ्यावी. जुन्या वर्षांचे फॉर्म्युले तर ठेवूच नयेत. मागच्या वर्षाचं व्याज आता बदलणार नसतं, म्हणून तो भाग कॉपी करून ‘पेस्ट स्पेशल’मधून ‘व्हॅल्यूज’ म्हणून तिथेच चिकटवा.

सजावटीचे प्रकार. एक्सेलच्या एका फाईलमध्ये वेगवेगळ्या सजावटींची जुळणी ६५,४९० पर्यंतच राहू शकते. आपण एवढे रंग देत नाही, पण दहा जणांच्या फाईलींतून शीट कॉपी करून एक फाईल केली, की प्रत्येकाच्या स्टाइल सोबत येतात. ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’चे नियमही ओळी कॉपी-पेस्ट करताना फुटत जातात आणि एका नियमाचे शेकडो तुकडे होतात. ‘मॅनेज रूल्स’ उघडून पाहिलं तर यादी संपता संपत नाही.

चित्रं. कार्यक्रमाचे किंवा बिलांचे फोटो मोबाइलवरून थेट शीटमध्ये टाकले, की दिसताना ते अंगठ्याएवढे केलेले असतात, फाईलमध्ये मात्र अनेकदा मोठेच राहतात. फोटो निवडून ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ वापरा, किंवा फोटो फोल्डरमध्ये ठेवून शीटमध्ये फक्त लिंक द्या. वेबपानावरून उचललेल्या तक्त्याबरोबर तर न दिसणारी बटणं आणि चित्रंही येतात. ‘सिलेक्शन पेन’ उघडल्यावर त्यांची यादी दिसते.

पिव्हॉट टेबल. पिव्हॉट मूळ माहितीची एक प्रत आपल्याजवळ ठेवतं. ‘पिव्हॉट टेबल ऑप्शन्स’मध्ये मूळ माहिती फाईलसोबत सेव्ह करण्याचा पर्याय असतो. त्यावरची खूण काढली तर फाईल हलकी होते, फक्त उघडल्यावर पिव्हॉट ‘रिफ्रेश’ करावं लागतं.

बाहेरचे दुवे. फाईल दुसऱ्या दहा फाईलींतून आकडे ओढत असेल, आणि त्यातल्या काही कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवर असतील, तर ऑनलाइन यंत्रणेला त्या कुठून सापडणार? ‘डेटा’ टॅबमधल्या दुव्यांच्या यादीतून नको असलेले तोडून टाका.

७. निदान करायचं कसं?

घाईत दहा उपाय एकदम केले, की कशाने गुण आला ते कळत नाही. म्हणून क्रमाने जा.

पहिली गोष्ट, प्रत काढा. पुढचं सगळं प्रतीवर करायचं. मूळ फाईलला हात लावायचा नाही.

दुसरी, त्याच खात्यावर, त्याच ब्राउझरमध्ये एखादी छोटी शीट उघडून बघा. तीही उघडत नसेल तर अडचण फाईलची नाही, ब्राउझरची किंवा खात्याची आहे. ‘इन्कॉग्निटो’ खिडकीत उघडून पाहा. तिथे उघडली, तर ब्राउझरमध्ये बसवलेलं एखादं एक्स्टेन्शन किंवा साठलेली जुनी माहिती आड येत आहे.

तिसरी, फाईल खरोखर एक्सेलचीच आहे ना? बँकेच्या किंवा हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून उतरवलेल्या फाईलींच्या नावामागे एक्सएलएस असतं, पण आत निव्वळ वेबपानाचा मजकूर असतो. एक्सेल ती उघडताना ‘नाव आणि स्वरूप जुळत नाही’ असा इशारा देऊन उघडतं. ऑनलाइन यंत्रणा तेवढी उदार असेलच असं नाही. कम्प्युटरवर उघडून ‘सेव्ह ॲज’ करा आणि एक्सएलएसएक्स हे स्वरूप निवडा. फाईलला उघडण्याचा पासवर्ड असेल तर तोही तपासासाठी काढून बघा.

चौथी, फाईल कम्प्युटरवरच्या एक्सेलमध्ये उघडते का? तिथेही अडत असेल तर ‘ओपन’च्या खिडकीत फाईल निवडून, ‘ओपन’ बटणाशेजारच्या बाणातून ‘ओपन अँड रिपेअर’ वापरा. कम्प्युटरवर एक्सेल नसेल तर लिबरऑफिसचं कॅल्क मोफत मिळतं. फाईल काल ऑनलाइन उघडत होती आणि आज बिघडली असेल, तर ‘व्हर्जन हिस्टरी’मधून कालची आवृत्ती मागवा.

पाचवी, पोट उघडा. दुसऱ्या भागात सांगितल्याप्रमाणे प्रतीची झिप करा आणि आतल्या फाईली आकाराप्रमाणे लावा. सगळ्यात मोठं काय आहे? ‘वर्कशीट्स’मधली एखादी शीट असेल तर तिथे कंट्रोल-एंड. ‘मीडिया’ असेल तर फोटो. ‘पिव्हॉटकॅश’ असेल तर पिव्हॉट. ‘स्टाइल्स’ असेल तर सजावट. रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट हाती यावा तसं इथे सगळं स्वच्छ दिसतं.

सहावी, एवढं करूनही कळलं नाही तर अर्धं-अर्धं करा. १६ शीट असतील तर प्रतीतल्या ८ काढून उरलेल्या ८ ऑनलाइन उघडा. उघडल्या, तर दोष काढलेल्या आठांत. मग त्यातल्या ४, मग २, मग १. दोष एकाच शीटमध्ये असेल तर चार फेऱ्यांत ती हाती लागते. एकेक शीट काढत बसलात, तर नशीब वाईट असेल तेव्हा पंधरा फेऱ्या होतील.

मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल, तर ‘रिव्ह्यू’ टॅबमध्ये ‘चेक परफॉर्मन्स’ हा पर्याय आहे. रिकाम्या पण सजवलेल्या सेलची यादी तो स्वतः देतो आणि सांगाल तर साफही करतो.

८. हलकी करताना काय सांभाळायचं?

फाईल लहान करायचे दोन झटपट मार्ग लोक सांगतात. दोन्ही चांगले आहेत, पण दोन्हींना पथ्य आहे.

एक, एक्सएलएसबी स्वरूपात सेव्ह करणं. यात आतली माहिती लांबलचक वाक्यांऐवजी यंत्राच्या आटोपशीर भाषेत लिहिली जाते, त्यामुळे मोठी फाईल लहान होते आणि लवकर उघडते. एक्सेलच्या जगात हे उत्तम. फाईल गूगल शीट्समध्ये न्यायची असेल तर मात्र एक्सएलएसएक्सच बरी. मॅक्रोंचंही लक्षात ठेवा : व्हीबीएचे मॅक्रो ऑनलाइन एक्सेलमध्ये चालत नाहीत. फाईल उघडेल, बटण दिसेल, दाबल्यावर काही होणार नाही.

दोन, सीएसव्ही. यात फक्त मजकूर आणि स्वल्पविराम उरतात. रंग, फॉर्म्युले, बाकीच्या शीट सगळं जातं, आणि फाईल एकदम हलकी होते. मराठी मजकूर असेल तर सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं मिळतील. दुसरा सापळा आकड्यांचा आहे. एक्सेल कुठल्याही संख्येचे १५ अंकच अचूक ठेवतं. खाते क्रमांक १६ अंकी असेल, तर सीएसव्ही थेट उघडल्यावर शेवटचा अंक शून्य होतो, आणि सुरुवातीची शून्यं असतील तर ती पुसली जातात. असे रकाने आत घेताना ‘टेक्स्ट’ म्हणूनच घ्यावेत. आधार क्रमांक १२ अंकी, म्हणून तो या कचाट्यातून सुटतो.

मराठी कचेऱ्यांपुरती आणखी एक अडचण. युनिकोड येण्याआधीच्या वळणाने शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या याद्या आजही वापरात आहेत. त्या फाईली ऑनलाइन उघडल्या की अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा काला दिसतो आणि माणसाला वाटतं फाईल खराब झाली. फाईल धडधाकट असते. तो फाँट ब्राउझरकडे नसतो, एवढंच. मजकूर एकदाच कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणणं, हा त्यावरचा कायमचा इलाज. फाईल ऑनलाइन नेण्याआधी हे काम उरकावं. त्यानंतर नावं शोधता येतात आणि क्रमाने लावताही येतात, हा वरचा फायदा.

९. एका शीटकडून किती अपेक्षा करायची?

एवढ्या उपायांनी बहुतेक फाईली उघडतात. ज्या पुन्हा पुन्हा अडतात, त्यांचं दुखणं वेगळं असतं. एकाच फाईलला नोंदवही, गणक, छापील अहवाल आणि जुनं दप्तर अशी चारही कामं लावलेली असतात. नोंदी वाढतात तशी बाकीची तीन कामंही जड होत जातात, आणि सफाई केली तरी सहा महिन्यांत परिस्थिती जैसे थे.

म्हणून कामं वेगळी करा. नोंदींची फाईल साधी : एक शीट, एक शीर्षकाची ओळ, रंग नाहीत, जोडलेले सेल नाहीत. अहवालाची फाईल वेगळी. ती नोंदींतून लागणाऱ्या बेरजाच तेवढ्या घेईल. एक्सेलमधलं ‘पॉवर क्वेरी’ याच कामासाठी आहे. दुसऱ्या फाईलमधली माहिती गाळून, एकत्र करून ते आणतं, आणि दहा लाखांवर ओळी असल्या तरी त्या शीटवर न उतरवता ‘डेटा मॉडेल’मध्ये ठेवू शकतं. सहकाऱ्यांना ऑनलाइन दाखवायची असते ती सहसा ही अहवालाचीच फाईल, आणि ती आता हलकी असते.

नोंदी लाखांच्या घरात गेल्या, तीन-चार माणसं एकाच वेळी भरू लागली आणि कुणी काय बदललं याचा माग ठेवणं भाग पडलं, की शीट सोडून डेटाबेसकडे वळायची वेळ झाली असं समजावं. डेटाबेस सगळी माहिती पुढ्यात ओतत नाही. मागितलेल्या ओळी तेवढ्या शोधून देतो. त्यामुळे माहिती दहापट झाली तरी उघडायला दहापट वेळ लागत नाही.

तोपर्यंत एक शिस्त मात्र कुठल्याही कचेरीला आजपासून पाळता येईल. ३१ मार्चला वर्षाची फाईल बंद करा, तिच्यातले फॉर्म्युले आकड्यांत गोठवा आणि ती फक्त वाचण्यापुरती ठेवा. १ एप्रिलच्या नव्या फाईलमध्ये मागची एकच गोष्ट न्या : आरंभीची शिल्लक.